टेंभरे सरांचं हिवाळी ऑलिम्पिक

मी इटलीला जाणार ही गोष्ट मी घराबाहेरच्या एकाच माणसाला सांगितली होती, आणि तीही दाढी करून घेताना. सुकराम न्हाव्याने विचारलं, "सर, फेब्रुवारीत भाच्याचं लगन हाये, येता ना?" गळ्यावर वस्तरा असताना खोटं बोलायची माझी छाती नाही. "फेब्रुवारीत मी इटलीत आहे," असं मी म्हणालो. वस्तरा थांबला. मग तो इतक्या हळू, इतक्या आदराने फिरला की मलाच माझ्या गळ्याचं महत्त्व वाटू लागलं.

घरी पोचलो तर बातमी माझ्या आधी पोचलेली. शेजारचे भैय्यालालजी फाटकाला टेकून उभे होते. त्यांची धानाची मिल आहे आणि गल्लीतल्या कुठल्याही कार्याला पहिला सल्ला त्यांचा असतो.

"सरजी, सुना है आप इटली शिफ्ट हो रहे हैं?"

"शिफ्ट नाही हो. हिवाळी ऑलिम्पिक बघायला चाललोय. थोड्या दिवसांसाठी."

"हाँ हाँ, शुरू में सब यही बोलते हैं," ते म्हणाले.

आता हे ऑलिम्पिक माझ्या डोक्यात शिरलं कसं, ते सांगतो. मी शाळेत पीटीचा मास्तर होतो. उभा जन्म लांब उडी शिकवण्यात गेला. आमच्या गोंदियाच्या उन्हाळ्यात वाळूच्या हौदात पाय टाकला तर पापड भाजावा तसा भाजतो. अशा हौदात मी पिढ्यान्‌पिढ्या पोरं उडवली. पण सगळे हौदातच पडले. कोणी जरा पुढे, कोणी जरा मागे. पडले मात्र नक्की. निवृत्तीनंतर एका दुपारी टीव्हीवर मी एक माणूस पाहिला. पायाला दोन लांब फळ्या बांधून तो बर्फाच्या उतारावरून सुसाट खाली आला, कडा संपला, आणि गडी पडलाच नाही. वाऱ्यावर पोट टेकून निजल्यासारखा तो हवेत पसरला आणि जातच राहिला. आमच्या शाळेत कोणी तशी उडी मारली असती तर मैदान, कंपाऊंड आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या पानठेल्यावर उतरला असता. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मरायचं नाही, असं मी तिथल्या तिथे ठरवलं.

आमची हर्षा पुण्याला नोकरी करते. तिने दोन तिकिटं काढून दिली. प्रेदाझ्झो नावाच्या डोंगरातल्या गावी नॉर्डिक कम्बाइन्ड म्हणून एक प्रकार असतो. त्यात सकाळी उडायचं आणि तेच लोक दुपारी बर्फावर पळणार. आपल्याला उडीचं तिकीट. एकाच माणसाकडून दोन कामं करून घ्यायची ही पद्धत मला शिक्षण खात्यातली वाटली आणि त्या देशाबद्दल आपलेपणा वाटू लागला.

माझी बायको अल्का मात्र थंड होती. ती देवरीकडे आरोग्य खात्यात परिचारिका आहे. पावसाळ्यात नाला फुगला तर लसींचा डबा डोक्यावर घेऊन पलीकडे जाणारी बाई. उडी वगैरे गोष्टींचं तिला कौतुक नाही.

"माणूस पडते कसा हे पाहाले इतक्या दूर कायले जाचं?" ती म्हणाली. "आपल्या गल्लीत नालीवर झाकण नाही. तिथं खुर्ची टाकून बसा."

"अगं, तो पडत नाही. तेच तर पाहायचं आहे."

"तुमी एकटेच गेले तर हरवून जासान. मी येईन. पण मले त्या फळ्यागिळ्या बांधाले लावू नका."

सुरुवात पासपोर्टपासून झाली. चौकशीला पोलीस घरी आला तेव्हा मी नेमका भाजीबाजारात होतो आणि अल्का ड्यूटीवर. भैय्यालालजी मदतीला धावले. पोलिसाने विचारलं, टेंभरे इथेच राहतात का? त्यावर भैय्यालालजींनी मोठ्या अभिमानाने सांगितलं, "अब यहाँ कहाँ साहब, सरजी तो अब इटली के हो गये!"

पुढच्या आठवड्यात मला ठाण्यात बोलावणं आलं. टेबलामागे बसलेल्या साहेबांनी कागद वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही इटलीत राहता."

"नाही साहेब. इथंच राहतो. इथूनच तर आलो आत्ता, सायकलवर."

"रिपोर्टमध्ये इटली आहे."

"साहेब, माझ्याकडे पासपोर्टच नाही. पासपोर्टशिवाय मी इटलीत राहीन कसा?"

त्यांनी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग म्हणाले, "तेच तर गंभीर आहे."

जन्मभर ज्या गावात शिट्टी वाजवली, तिथे मी राहतो हे सिद्ध करायला मला साक्षीदार न्यावे लागले. पलीकडच्या घरातल्या सुलोचनाबाई आल्या. त्यांनी साहेबांना बोलूच दिलं नाही. "हे इथंच राहतेत जी. रोज पहाटे गच्चीवर चढून शिट्टी वाजवतेत आन् एकटेच कवायत करतेत. इटलीतून शिट्टी आयकू येते का इथं? गल्लीत कोणाची झोप होत नाही. घ्या लिहून." साहेबांनी लिहून घेतलं. माझं गोंदियातलं अस्तित्व सरकारदरबारी उपद्रव म्हणून का होईना, पण नोंदलं गेलं.

पासपोर्ट आला आणि गल्लीने थंडीचा विषय हातात घेतला. तो ऑक्टोबर होता, घाम टपकत होता, आणि माझ्या अंगणात रोज संध्याकाळी उणे तापमानावर चर्चा चालत होती. सुलोचनाबाईंनी डिंकाचे लाडू सुचवले, सुचवले म्हणजे करूनच आणले. देवरीहून माझा मेहुणा सेवकराम एक जाडजूड घोंगडी घेऊन आला आणि घोंगडीच्या घडीतून एक बाटली काढून माझ्या कानाशी कुजबुजला, "जिजाजी, मोहाची हाये. औषध म्हणून. तिकडचे लोक काय पितेत मले मालूम नाही, पण हे पोटात असली तर बर्फच तुमाले भिते." मी शिक्षक होतो याची मी त्याला जाणीव करून दिली. त्याने बाटली परत घडीत ठेवली आणि घोंगडी मात्र सोडून गेला. घडीसकट.

भैय्यालालजींचा सल्ला सगळ्यांत शास्त्रीय होता. "सरजी, प्रॅक्टिस. आप पीटी के आदमी हैं. बिना प्रॅक्टिस के सीधे बर्फ में? मेरे साढू की बर्फ फॅक्टरी है, नागरा रोड पे. चलिए."

मला हे पटलं. खेळाडूने सराव करायला हवा, मग प्रेक्षकाने का नको? एका दुपारी आम्ही भैय्यालालजींच्या स्कूटरवर निघालो. माझ्या अंगात दोन स्वेटर, त्यावर सेवकरामची घोंगडी, त्यावर भैय्यालालजींचा रेनकोट आणि डोक्यावर माकडटोपी. प्रत्येक चौकात कोणीतरी काळजीने विचारत होतं, "सरले कोन्या दवाखान्यात नेऊन राहिले?"

कारखान्यातला बिसराम आम्हाला आत घेऊन गेला. बर्फाच्या लाद्या भिंतीसारख्या रचल्या होत्या. मी एका लादीवर पंधरावीस मिनिटं बसून राहिलो. भैय्यालालजी दारातून "क्या लग रहा है?" असं विचारत होते. खरं सांगायचं तर फार बरं वाटत होतं. ऑक्टोबरच्या उकाड्यात सगळ्या गोंदियात तेवढी एकच जागा माणसाने बसण्यासारखी होती.

"थंडीचं एवढं काही नाही," मी जाहीर केलं. मग मला जो उत्साह आला, तो आवरायला हवा होता. कामावरची चार माणसं जमली होती. समोर जमलेली चार माणसं आणि पायाखाली सपाट जागा मिळाली की पीटीच्या मास्तरला शिकवावंसं वाटतंच. मी लादीवर उभा राहिलो आणि त्यांना सांगू लागलो की, हवेतून आलेला माणूस बर्फावर टेकतो तेव्हा एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले, हात पंखांसारखे पसरलेले असावे लागतात. त्याचेही गुण असतात. "असे!" म्हणून मी हात पसरले.

ती लादी घसरगुंडीच्या तोंडाशी ठेवलेली होती, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बर्फ टेम्पोत उतरवायला लाकडी घसरगुंडी असते. लादी निघाली. लादीवर मी निघालो. माझे हात पसरलेलेच होते. भैय्यालालजी "सरजी!" असं ओरडले ते मला ऐकू आलं, पण फार मागून. घसरगुंडी संपली. पुढे काय झालं ते बिसरामने सगळ्या गावाला सांगितलंय: सर पडले नाही, सर गेले. मला आठवतं ते इतकंच की, एक क्षण पायाखाली काही नव्हतं आणि दुसऱ्या क्षणी मी रोहू माशांत बसलो होतो.

मासे भरलेला टेम्पो बर्फ घेऊन सौंदडच्या बाजाराला निघाला होता. लादी आदळल्याचा आवाज आला, तेव्हा माल भरला असं समजून ड्रायव्हरने गाडी सोडली. मी हाका मारल्या, पण माकडटोपी फिरून तोंडावर आली होती. रेल्वे फाटक बंद होतं म्हणून गाडी थांबली. फाटकाच्या अलीकडे मोटारसायकली, बस, शाळेच्या रिक्षा, सगळं गाव उभं. त्या सगळ्यांदेखत मी माशांतून उठलो. घोंगडी, रेनकोट, माकडटोपी आणि खिशात एक मासा. पहिल्याच मोटारसायकलवर माझा जुना विद्यार्थी वीरेंद्र होता. "नमस्ते सर," तो म्हणाला, आणि मोबाईल वर धरला.

त्याने काढलेला व्हिडिओ संध्याकाळपर्यंत सालेकसा-आमगावपर्यंत गेला. खाली लिहिलं होतं, "टेंभरे सर की ओलंपिक तैयारी." माणसं लिहिलेलं पूर्ण वाचत नाहीत, आणि वाचलं तर त्यात आपल्या मनचं घालतात. चार दिवसांत मी ऑलिम्पिकला बघायला जाणार नसून खेळायला जाणार आहे, असं गावाने ठरवून टाकलं.

चौकात फलक लागला. त्यावर कुठल्याशा परदेशी खेळाडूच्या धडावर माझं डोकं होतं, तेही माझ्या निवृत्तीच्या फोटोतलं, हारासकट. 'हिवाळी ऑलिम्पिकसाठी निवड झाल्याबद्दल मा. चंद्रशेखरजी टेंभरे सरांचे हार्दिक अभिनंदन.' खाली शुभेच्छुक म्हणून आमच्या वॉर्डातला होतकरू पुढारी गुड्डूभाऊ दोन्ही हात जोडून उभा. मी त्याला गाठलं.

"गुड्डूभाऊ, माझी निवड नाही झाली. मी फक्त तिकीट काढलंय."

"तिकीट भेटलं म्हणजे निवडच झाली ना सर!" तो कळवळून म्हणाला. "आमाले तर नगरपरिषदेचं तिकीट नाही भेटून राहिलं."

सत्कार टळला नाही. प्रमुख पाहुण्यांनी मी सुवर्णपदक आणावं अशी इच्छा व्यक्त केली. नाहीच जमलं तर कांस्य चालेल, म्हणाले. मी उठलो आणि माईकवर स्पष्ट शब्दांत सांगितलं की, मी प्रेक्षक आहे, मला उडता येत नाही, त्या दिवशी मी फक्त घसरलो. टाळ्यांचा कडकडाट झाला. "किती नम्र माणूस!" पहिल्या रांगेतून कोणीतरी म्हणालं. अल्का शेवटच्या रांगेत पदर तोंडाला लावून बसली होती. ती रडत होती असं सुलोचनाबाईंना वाटलं. मी तिच्यासोबत संसार केलेला माणूस; मला कळत होतं ते काय होतं.

आणि मग व्हिसा आला. अल्काचा आला. तिच्या पासपोर्टात सुंदर रंगीत पान चिकटलं होतं. माझ्यात एक कागद होता. हर्षाने फोनवर त्याचा अर्थ सांगितला, तोही जरा चाचरत: "बाबा, त्यांना असं वाटतं की तुम्ही परत येणार नाही. आईची नोकरी आहे, तिची रजा मंजूर आहे, म्हणून तिला परत यावंच लागेल. तुम्ही रिटायर. तुम्हाला परत यायला... म्हणजे... तसं काही कारण नाही, असं त्यांचं म्हणणं आहे."

मला कारण नाही! गोंदियाला परत यायला! मी तो कागद उलटून पाहिला, मागे काही दिलगिरी आहे का म्हणून. नव्हती. पुन्हा अर्ज करायला दिवस उरले नव्हते.

गल्लीला हा स्वतःचा अपमान वाटला. सुलोचनाबाई म्हणाल्या, "त्याईले चिठ्ठी लिहा. म्हणा, ह्या माणसाले घरचा वरण-भात दोन दिवस नाही भेटला तर तोंड एवढंसं होते." भैय्यालालजी रागाने लाल. "इटली में है क्या? हमारे सरजी इटली में रहेंगे? अरे, इनको तो नागपूर में नींद नहीं आती!" माझी बाजू घेताना माणसं माझे इतके दोष सांगत होती की शेवटी मीच त्यांना चहा देऊन वाटेला लावलं. सेवकराम मात्र मागे राहिला आणि हळूच म्हणाला, "जिजाजी, मले खरं सांगा. तुमचा तिकडं राहाचा इरादा तं नोहता ना?"

मी गच्चीवर जाऊन बसलो. ऊन कलत होतं, खाली कोणीतरी धान वाळवत होतं. थोड्या वेळाने अल्का वर आली आणि बाजूला बसली.

"हर्षाले सांगितलं, माझंही रद्द कर म्हणून."

"का?"

"काऊन म्हणजे? तुमच्याबिगर मी एकटी जाऊन काय करू? मले त्या उडीतलं काय समजते?"

"समजायचं काय त्यात? पाहायचं."

"तुमाले वाईट नाही वाटणार?"

"वाटणार," मी म्हणालो. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. तिला सगळं दिसतं.

"मंग?"

"तू नाही गेलीस तर दोघांनीही पाहिलं नाही असं होईल, अल्का. घरातल्या एकाने तरी पाहावं ना."

खालचे धान वाळवणारे धान गोळा करू लागले. मग तिने विचारलं, "ते गाव रेल्वेवर हाये का? का उतरून बस पकडा लागते?"

"रेल्वेने उतरून मग बस."

"म्हणजे देवरीसारखंच," ती म्हणाली आणि उठली.

त्या दिवसापासून मी प्रशिक्षक झालो. गच्चीवर खडूने उतार काढला. कडा कुठे, लांबी मोजायची रेघ कुठे, वारा समोरून आला तर चांगला आणि पाठीमागून आला तर वाईट का, हे मी तिला रोज शिकवलं. तिने शाळेतल्या एकाही पोराइतकं लक्ष दिलं नाही. ती कांदे चिरता चिरता "हो, हो" म्हणत होती. निघायच्या दिवशी मात्र स्टेशनवर सगळी गल्ली आली. गुड्डूभाऊने नवा खर्च न करता जुन्याच फलकावर माझ्या डोक्यावर अल्काचं डोकं चिकटवून आणलं होतं. धड तेच होतं. अल्काने ते पाहिलं आणि डब्यात चढताना म्हणाली, "हे घरी आल्यावर मले पाहाले भेटलं तर गुड्डूभाऊ, तुले टोचते मी."

ती गेली. मिलानहून तिचा फोन आला: "थंडी हाये बापा, पण लोक चांगले हायेत. एका म्हातारीच्या हाताले सूज होती, मी पट्टी बांधून दिली." प्रेदाझ्झोहून फोन आला: "डोंगर मोठे हायेत. बस वेळेवर येते, आपल्यासारखी नाही." मी उडीचा विषय काढला की ती जेवणाचा काढायची. मला धास्ती वाटू लागली, ही तिथे जाऊनही खुर्चीत बसून लोकांच्या पायातले मोजे पाहील आणि परत येईल.

उडीच्या दिवशी तिथली सकाळ म्हणजे आपली दुपार. जेवणं आटोपून सगळे आमच्या पुढच्या खोलीत जमले. भैय्यालालजींनी मोबाईल टीव्हीला जोडून दिला, म्हणजे सगळ्यांना दिसेल. घंटी वाजली आणि अल्का पडद्यावर आली. नाक लाल, अंगावर सेवकरामची घोंगडी, मागे पांढराशुभ्र उतार आणि माणसंच माणसं. ढोल वाजत होते.

"दिसून राहिलं का?" ती ओरडली. "थांबा, आता येते एक जण. आता येते. वरून निघाला!"

तिने मोबाईल फिरवायला हवा होता. तिने फिरवला नाही. मोबाईल हातात आहे हेच ती विसरली. पडद्यावर फक्त तिचा चेहरा होता. तिचे डोळे वर लागले होते, अगदी वर. मग ते हलले. हळूहळू, डावीकडून उजवीकडे, थोडे खाली, आणि तिथेच कितीतरी वेळ अधांतरी राहिले. तिचं तोंड उघडलं. तिचा हात छातीशी गेला. मग कुठेतरी फळ्यांचा सपकन आवाज झाला आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं, जे मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"अवो!" ती किंचाळली. "अवो, हा तं पडतच नाही जी! खरंच नाही पडत! हा तं उडूनच राहिला!"

"भाभीजी, कॅमेरा घुमाइए, कॅमेरा!" भैय्यालालजी ओरडले. सुलोचनाबाई, सेवकराम, सगळेच ओरडू लागले, "फिरवा, मोबाईल फिरवा!"

"राहू द्या," मी म्हणालो.

वरून दुसरा निघाला असावा, कारण तिचे डोळे पुन्हा वर गेले. मी खुर्चीतून उठून टीव्हीजवळ जाऊन उभा राहिलो. त्या दुपारी मी सगळ्या उड्या पाहिल्या, एकही सोडली नाही. आणि त्यातली कोणती लांब गेली आणि कोणती आखूड पडली, हे मला अल्काच्या चेहऱ्यावरून बरोबर कळत होतं.